‘याला तोंड कुठंय?’ : मुंबईतल्या शालेय विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांना खुले पत्र

आदरणीय परीक्षक आणि आयोजक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आमच्या भागातल्या एका आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीला तुमच्यापैकी एकांनी विचारलं, "बाळा, हा रोबो कसा? याला हात नाहीत, पाय नाहीत. तोंड कुठंय याला? ही तर गाडी झाली." प्रश्न प्रेमानेच विचारला होता. मी टेबलामागे उभी राहून ऐकत होते. मुलीने उत्तर दिलं नाही. गाडीवर ठेवलेला हात तिने हळूच काढून घेतला आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे जाईपर्यंत खाली बघत राहिली.

शाळेचं किंवा प्रदर्शनाचं नाव मी लिहिणार नाही. हाच प्रश्न मी याआधीही तीन-चार ठिकाणी ऐकलाय, त्यामुळे तो त्या एका टेबलापुरता राहत नाही. पत्र बक्षिसासाठीही नाही. पहिलं बक्षीस थर्माकोलच्या एका अंतराळवीर रोबोला मिळालं. डोळ्यांच्या जागी निळे एलईडी, पोटात ब्लूटूथचा स्पीकर. त्या मुलांनीही रात्री जागवल्या असणार. त्यांचं अभिनंदन मी तिथेच केलं आणि मनापासून केलं.

पण विभागाचं नाव होतं ‘अंतराळ संशोधनात रोबो’. त्या नावाखाली यंत्राला तोंड असायलाच हवं असं आपण मुलांच्या मनात घालत असू, तर आपण त्यांना चुकीचं शिकवतोय. घरी जाताना बसमध्ये त्या मुलीने मला विचारलं, "काकू, मग प्रज्ञान रोबो नाही का?" प्रज्ञान म्हणजे चांद्रयान-3 ची चंद्रावर चाललेली सहाचाकी गाडी. तिला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले.

आधी मी हे कशाच्या जोरावर बोलतेय ते सांगते. अणुउद्योगातल्या एका प्रयोगशाळेत मी तीस वर्षं हॉट सेलवर काम केलं. हॉट सेल म्हणजे जाड काँक्रीटची बंद खोली. आत इतकं किरणोत्सारी सामान असतं की माणसाला पाऊल टाकता येत नाही. भिंतीत शिशाच्या काचेची खिडकी असते, जवळजवळ मीटरभर जाड. तिच्यातून सगळं किंचित पिवळं दिसतं आणि वस्तू असते त्यापेक्षा जवळ भासते, त्यामुळे नवीन माणूस पहिले काही दिवस नुसता हवेतच पकडत राहतो. खिडकीच्या वर भिंतीतून आरपार दोन नळ्या गेलेल्या असतात. अलीकडच्या टोकाला माझे हात, पलीकडच्या टोकाला यंत्राचे. मास्टर-स्लेव्ह म्हणायचो आम्ही त्याला. मी मनगट वळवलं की आतलं मनगट वळतं. आतल्या हाताने काही उचललं की त्याचं वजन माझ्या हाताला कळतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी यंत्रं आपल्या तुर्भ्यात विकसित केली. लांबून चालवायच्या हातांची विद्या मुंबईला नवी नाही, हे मुलांना कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

त्या आतल्या हाताला बोटं किती? दोन. तीही बोटं म्हणायची नाहीत, चिमट्याचे दोन जबडे. सुरुवातीला मलाही वाटायचं की पाच बोटं असती तर केवढं सोपं झालं असतं. सरावाच्या सेलवर, म्हणजे जिथे किरणोत्सारी काही नसतं तिथे, मी महिनोन्‌महिने बाटल्यांची झाकणं उघडत होते. फिरकीचं झाकण दोन जबड्यांत धरून वळवलं की बाटलीच सोबत फिरायची, निसटायची, आडवी व्हायची. कपाळाला घाम. मग एक दिवस आमच्या वरिष्ठांनी व्ही आकाराची खाच असलेला एक ठोकळा आणला आणि आतल्या मेजावर घट्ट बसवला. बाटली खाचेत ठेवायची. झाकणांनाही त्यांनी वरून एक उभा कान बसवून घेतला होता. जबड्यात कान धरला, मनगट फिरवलं, झाकण हातात. दहा सेकंदांचं काम. हात होता तसाच राहिला, बदलली ती बाटली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मला पाच बोटांची आठवण आली नाही.

आता मुलांच्या गाडीकडे येते.

आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली. पाडकाम झालं आणि पावसाळाभर तिथे रॅबिटचा ढीग पडून होता. विटांचे तुकडे, फुटकी लादी, प्लास्टरची ढेकळं, मध्येच वाकडी सळई. रविवारी सकाळी माझ्याकडे जी शाळकरी मुलं जमतात त्यांना मी म्हटलं, हा आपला मंगळ. ज्याचं यंत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल त्याचं खरं. लॅमिंग्टन रोडवरून पिवळ्या बीओ मोटर आणल्या, हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप.

एका मुलाने दोन पायांचं यंत्र केलं होतं. सहा सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटर), ॲक्रिलिकच्या पट्ट्या, काम अतिशय नेटकं. आमच्या घरातल्या लादीवर ते छान पावलं टाकायचं, मुलं टाळ्या वाजवायची. रॅबिटवर ठेवलं. पहिलं पाऊल विटेच्या कडेवर पडलं, तुकडा हलला आणि यंत्र तोंडावर आपटलं. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा गुडघ्याच्या सर्वोचे दात गेले. तो मुलगा हिरमुसला, पण तिथेच उकिडवा बसून त्याने एक गोष्ट टिपली जी मीही सांगितली नव्हती. नुसतं उभं राहायलासुद्धा त्याच्या यंत्राच्या सगळ्या मोटर जोर लावत होत्या, हात लावला तर गरम लागत होत्या. शेजारी चारचाकी गाडी बंद पडून उभी होती, तिला उभं राहायला काही लागत नव्हतं.

त्याआधी ती चारचाकीही लादीच्या कडेवर पोट टेकून अडकली होती आणि मागची दोन चाकं हवेत गरगरत होती. तेव्हा या मुलीने प्रज्ञानचं चित्र काढून आणलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं, आणि ती एका ताठ दांड्यावर नसून एकमेकांत सांधलेल्या दोन दांड्यांवर बसवलेली. याला रॉकर-बोगी म्हणतात. पुढचं चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत आणि मागून ढकलत राहतात. तिने पाईप कापून, मेणबत्तीवर तापवून, वाकवून तसं केलं. पहिल्यांदा सांधा फार घट्ट बसला. मग तिने तो सोडवून आत जुन्या पेनाची नळी घातली. त्या संध्याकाळी गाडी अर्ध्या विटेवर चढली. आधी पुढचं चाक विटेला भिडून थांबलं, थरथरलं, हळूहळू वर सरकलं, मग मधलं, मग मागचं, आणि पलीकडे सगळं धप्पकन खाली. सगळी मुलं ओरडली. ढिगाच्या त्या टोकाला पोचायला सतरा मिनिटं लागली. तुमच्या टेबलावर आली ती ही गाडी. टेबलावर सनमायका होता, त्यामुळे ती काय करू शकते ते दिसायला जागाच नव्हती.

खरा प्रज्ञान 26 किलोचा. 23 ऑगस्ट 2023 ला त्याला घेऊन जाणारं विक्रम यान चंद्रावर उतरल्यानंतर तो खाली आला आणि सेकंदाला एक सेंटीमीटर अशा गतीने, 50 वॅट विजेच्या हिशोबात, शंभरेक मीटर चालला. तेवढ्यात त्याने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत गंधक असल्याचं जागेवर दाखवून दिलं. वाटेत चार मीटर व्यासाचा खड्डा समोर आला, तेव्हा त्याला मागे फिरवून दुसऱ्या वाटेने नेलं. घरातले सगळे दिवे लावायलाही कमी पडेल एवढ्या विजेवर हे सगळं झालं. माणसाएवढं दोन पायांचं यंत्र तेवढ्या विजेत पावलं टाकणं सोडा, तोल सांभाळून उभंही राहू शकणार नाही. आज जमिनीवर जी माणूसरूपी यंत्रं फिरताना दिसतात त्यांतली बहुतेक एका चार्जवर काही तासच चालतात, आणि चार्जरचा प्लग इथे भिंतीत असतो.

सांध्यांचं बघा. नासाची क्युरिऑसिटी 2012 पासून मंगळावर आहे. जवळपास 900 किलोची ती गाडी हलवायला दहा मोटर आहेत, सहा चाकं फिरवायला आणि चार वळवायला. नासाच्या वाल्किरी या माणूसरूपी यंत्राला 44 सांधे आहेत. चंद्रावरची धूळ पिठासारखी बारीक आणि काचेच्या चुऱ्यासारखी धारदार असते. अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखांच्या सांध्यांत ती शिरली होती. यंत्रावर काम केलेल्या कुणालाही विचारा, प्रत्येक सांधा म्हणजे धुळीला एक दार. त्यात निर्वातात साधं वंगण उडून जातं आणि मोटर थंड करायला हवा नसते. जिथे एक सांधा कमी करता येतो तिथे तो कमी करायचा, हा आमचा वर्कशॉपमधला नेम होता, आणि आमच्याकडे तर हवाही होती.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भावते ती स्पिरिटची गोष्ट. ती मुलांना दर वर्षी सांगते. 2004 मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट गाडीचं पुढचं उजवं चाक 2006 मध्ये कायमचं अडकलं. पाच चाकं राहिली. मग चालवणाऱ्यांनी तिला उलटी चालवायला सुरुवात केली, अडकलेलं चाक मागे फरपटत. लंगड्या माणसाचा पाय मातीत चर पाडत जातो ना, तसा त्या चाकाने चर पाडला, आणि 2007 मध्ये एका ठिकाणी त्या चरातून पांढरीशुभ्र माती वर आली. तपासलं तर जवळजवळ शुद्ध सिलिका. तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ होती याचा तो पुरावा ठरला. चाक मोडलं नसतं तर ती माती कदाचित तशीच झाकलेली राहिली असती. पुढे 2009 मध्ये ती वाळूत रुतली आणि 2010 मध्ये गप्प झाली. पण एक चाक गेल्यावरही चार वर्षं तिने काम केलं. दोन पायांच्या यंत्राचा एक पाय गेला तर ते जिथे पडलं तिथेच त्याची मोहीम संपते. उचलायला मंगळावर कोण आहे?

तुम्ही म्हणाल, इस्रोच्या माणूसरूपी व्योममित्राचं काय? तुमच्या प्रदर्शनाच्या फलकावर तिचाच फोटो होता, मुलं तिलाच बघून डोळे-नाक काढतात. इस्रोने जानेवारी 2020 मध्ये बंगळूरला तिला सगळ्यांसमोर आणलं. मला तिचा अभिमान आहे. पण फोटो नीट बघा. तिला पाय नाहीत. भारतीय अंतराळवीरांना नेणाऱ्या गगनयानाच्या, आधी माणसाविना होणाऱ्या उड्डाणात, माणूस जिथे बसणार आहे तिथे बसून, पॅनेलवर लक्ष ठेवणं, बटणं दाबणं, सूचना देणं हे तिचं काम. त्या कामाला पाय लागत नाहीत म्हणून तिच्या अभियंत्यांनी ते दिलेच नाहीत. हाच विचार मी मुलांना शिकवू बघते, आणि तो व्योममित्राच्याच अंगावर लिहिलेला आहे.

तिला बनवणारी इस्रोची तिरुवनंतपुरमची जडत्वीय प्रणाली शाखा. त्याच शाखेने आणखी एक यंत्र केलं, त्याचा फोटो मी अजून एकाही शाळेच्या फलकावर पाहिला नाही. 30 डिसेंबर 2024 ला स्पेडेक्सचे, म्हणजे अंतराळात एकमेकांना जोडून बघायचे, दोन उपग्रह घेऊन जो पीएसएलव्ही अग्निबाण गेला, त्याच्या चौथ्या टप्प्यावर सात सांध्यांचा एक हात बसवला होता. हा हात चालतो. एक टोक घट्ट धरायचं, दुसरं उचलून पुढे टेकवायचं, मग पहिलं सोडायचं. पानावर अळी कशी कंबर उचलून जाते, अगदी तसं. भारताचा अंतराळात चालणारा पहिला हात. डोकं नाही, पाठ नाही, दोन्ही टोकं सारखीच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा 17 मीटरांहून लांब कॅनडाचा हातही 2001 पासून असाच टोकावर टोक टाकत स्थानकभर फिरतोय. 2035 पर्यंत आपलं भारतीय अंतरिक्ष स्थानक उभं करायचं ठरलंय. त्याच्या बाहेरून जे काही हलवायचं, जोडायचं, दुरुस्त करायचं ते काम या अळीच्या वंशजांकडे जाईल असं मला वाटतं.

माणूसरूपी यंत्रं वर पाठवून बघितलेली नाहीत असं मात्र नाही. नासा आणि जनरल मोटर्सचा रोबोनॉट 2 फेब्रुवारी 2011 मध्ये स्थानकावर गेला. फक्त कमरेपर्यंत होता. हवेचा प्रवाह मोजणं, कळा फिरवून दाखवणं अशी कामं त्याने केली. 2014 मध्ये त्याला पाय बसवले. तेही चालायचे पाय नव्हेत. वजनरहित जागेत पावलं टाकायची कुठे? पावलांच्या जागी दांडे धरायच्या पकडी होत्या. पाय बसवल्यानंतर विजेचा बिघाड सुरू झाला, तो काही केल्या वर दुरुस्त होईना, आणि 2018 मध्ये त्याला खाली आणावं लागलं. रशियाचा फेदोर, म्हणजे स्कायबॉट एफ-850, ऑगस्ट 2019 मध्ये सोयुझच्या आसनावर बसून गेला, सप्टेंबरात परतला. त्यानंतर त्याच्या बनवणाऱ्यांनीच सांगितलं की स्थानकाबाहेर काम करताना हे लांब पाय कामाचे नाहीत. या लोकांनी वेळ फुकट घालवला असं मी म्हणणार नाही. करून बघितल्याशिवाय कसं कळणार? पण करून बघितल्यावर काय कळलं तेही मुलांपर्यंत पोचायला हवं.

आमच्या अणुउद्योगातलं उदाहरण तर याहून जवळचं. मार्च 2011 मध्ये फुकुशिमाला अपघात झाला. जपान म्हणजे चालत्या-बोलत्या माणूसरूपी यंत्रांचा देश, जगाला कौतुक त्याचं. पण एप्रिलमध्ये अणुभट्टीच्या इमारतीत आधी शिरले ते अमेरिकेचे पॅकबॉट, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे, बसके. ती बातमी मी टीव्हीवर बघत होते, आणि आमच्या खोलीत कुणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. त्या अपघातानंतर अमेरिकेच्या दार्पा संस्थेने आपत्तीत काम करणाऱ्या यंत्रांची स्पर्धा घेतली. दार उघडायचं, झडप फिरवायची, ढिगाऱ्यातून जायचं, जिना चढायचा. जून 2015 मध्ये कॅलिफोर्नियात अंतिम फेरी झाली. दोन पायांची यंत्रं दारात पडली, वाळूत पडली, नुसती उभ्या उभ्या पडली. जिंकला दक्षिण कोरियाचा हुबो. त्याला पाय होते, पण गुडघ्यांना चाकं लावलेली होती. सपाट जागा आली की तो गुडघे टेकून बसायचा आणि चाकांवर जायचा. तो व्हिडिओ आमच्या दोन पायांच्या यंत्राच्या मालकाला मी दाखवला. दुसऱ्या रविवारी त्याने सर्वोचे गुडघे काढून ठेवले.

माणसाच्या आकाराची बाजू घेणारे एक गोष्ट सांगतात आणि ती सरळ उडवून लावण्यासारखी नाही. दाराच्या कड्या, जिने, पाने, स्क्रू-ड्रायव्हर हे सगळं माणसाच्या हाताच्या मापाचं आहे, तेव्हा यंत्रही त्याच मापाचं असेल तर जुनंच सामान वापरता येईल. आपल्या घरात, रुग्णालयात, दादरच्या पुलावर हे म्हणणं मला पटतं. दादरचा पूल काही कुणी यंत्रासाठी पाडून बांधणार नाही. पण चंद्रावर पूल नाहीत. तिथे आधीपासून उभं असं काहीच नाही. जी कडी लागेल, जी झडप लागेल, ती इथून आपणच बनवून पाठवणार. मग ती दोन जबड्यांना धरता येईल अशी का बनवायची नाही? आमच्या वरिष्ठांनी झाकणाला कान बसवला तसा. आपलं स्थानक अजून कागदावर आहे. एकदा वर गेल्यावर नाही, आत्ताच ही गोष्ट ठरवायची वेळ आहे, आणि ती ठरवणारी पोरं आज तुमच्या टेबलांपुढे उभी असतात.

दुसरं म्हणतात, यंत्र माणसासारखं असेल तर पृथ्वीवरचा माणूस ते अंगरख्यासारखं घालून तिथे काम करेल. हे माझ्या तीस वर्षांच्या कामाचंच स्वप्न आहे, म्हणून मला त्यातली खोच माहीत आहे. माझा हात आणि आतला हात यांच्यात वेळ जात नव्हता. चंद्रापर्यंत इशारा जाऊन परत यायला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. डोळे मिटून मनात अडीच सेकंद मोजा आणि तोवर हातातली काचेची नळी कुठे गेली असेल याचा विचार करा. मंगळाला एका बाजूनेच तीन ते बावीस मिनिटं. तिथे कुणाचाही हात कुणाला घालता येणार नाही. यंत्राला स्वतःचं स्वतः बघून थांबता यायला हवं, आणि थांबल्यावर पडता कामा नये. कक्षेतल्या यानातून खालच्या जमिनीवरचं यंत्र चालवणं मात्र जमण्यासारखं आहे. जर्मनीच्या जस्टिन या यंत्राला स्थानकावरच्या अंतराळवीरांनी असं चालवून पाहिलंय. त्याला दोन हात आहेत, डोकंही आहे. कमरेखाली चाकं.

एका ठिकाणी माणसाचा आकार खरोखर हवा असतो, आणि ते सांगितलं नाही तर माझं पत्र अर्धवट राहील. जिथे प्रश्नच माणसाच्या शरीराचा आहे तिथे. गागारिनच्या आधी, मार्च 1961 मध्ये, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी इवान इवानोविच नावाचा पुतळा यानात बसवून पाठवला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये नासाच्या आर्टेमिस 1 या चंद्रमोहिमेच्या यानातून हेल्गा आणि झोहार गेल्या. हात-पाय नसलेली दोन धडं, बाईच्या शरीराच्या मापाची. आतून हाडं, फुप्फुसं, मऊ ऊती यांच्यासारखे वेगवेगळ्या घनतेचे थर आणि त्यांत हजारो संवेदक. झोहारच्या अंगात किरणोत्सारापासून वाचवणारं जाकीट होतं, हेल्गाच्या नव्हतं. चंद्राला वळसा घालून परत आल्यावर कोणत्या अवयवाला किती मात्रा लागली ते दोघींची तुलना करून कळतं. छातीला डोसिमीटर, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारं यंत्र, लावून तीस वर्षं कामावर गेलेल्या बाईला त्या दोघींबद्दल काय वाटतं, ते मला नीट शब्दांत सांगता येणार नाही. त्या हलत नाहीत, बोलत नाहीत, पण त्यांचा आकार माणसाचाच असायला हवा होता.

मुलांना चेहरा आवडतो हेही मला कळतं. 2017 च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये सोफिया ही बाईच्या चेहऱ्याची बोलकी रोबो साडी नेसून आली होती तेव्हा केवढी गर्दी लोटली होती. चेहऱ्यामुळे एखादं मूल विज्ञानाकडे वळत असेल तर वळू दे. माझी तक्रार चेहऱ्याशी नाही. चेहरा नाही म्हणून ज्या मुलीला खाली बघावं लागलं, तिच्यासाठी मी भांडतेय.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. अंतराळ विभागाच्या टेबलाशेजारी एक मोठा ट्रे ठेवा. त्यात रेती, खडी, दोन-चार विटांचे तुकडे. वरळीच्या नेहरू तारांगणासारखी भव्य व्यवस्था नको, कुठल्याही बांधकामावरून अर्ध्या तासात सामान मिळतं. प्रत्येक यंत्र त्यात ठेवून बघा. पडलं तर मुलांनाच विचारा का पडलं, त्या उत्तराला गुण द्या. आणि पहिला प्रश्न बदला. ‘तोंड कुठंय’च्या जागी ‘हे यंत्र कुठल्या जमिनीवर, काय करायला जाणार आहे, आणि म्हणून याचा आकार असा का आहे’ एवढं विचारा. थर्माकोलच्या रोबोवाल्या मुलांनाही हेच विचारा. ती मुलं हुशार आहेत. "यानात बसून बटणं दाबायला" असं एखाद्याने सांगितलं तर त्याला पैकीच्या पैकी द्या, आणि मग पाय कशाला हे विचारून त्याला घरी विचार करायला पाठवा. गुणपत्रिकेत आकर्षकतेला दहा गुण आहेत, मी बघितलं. जमिनीवर चालण्याला एकही नाही. ते दहा तिथून उचलून इथे ठेवता येतील का, एवढं आयोजकांनी बैठकीत बोलावं.

ती मुलगी नंतर दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती वहीत एक अळी काढून. खाली सात टिंबं, म्हणजे सांधे. एका टोकाला पकड, दुसऱ्या टोकाला तशीच पकड. आम्ही आता तीन सांध्यांपासून सुरुवात केली आहे. दोन सर्वो बसलेत. तिसरा बसवला की पुढचं टोक जड होऊन खाली लोंबतं, त्यावर काम चालू आहे. मधल्या सांध्याला रबर लावून वजन तोलून बघायचा तिचा विचार आहे. मला वाटतं स्प्रिंग लागेल, पण तिला आधी रबर लावून बघू दे.

शेजारच्या प्लॉटवर पायाचं काम सुरू होणार आहे, ठेकेदार रॅबिट उचलायच्या बेतात आहे. त्याला महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय, कबूल झालाय. तोवरच्या कुठल्याही रविवारी सकाळी दहानंतर या. गाडी त्या ढिगावर चालताना बघा आणि जो प्रश्न त्या दिवशी विचारला होतात तो तिथे, ढिगापाशी उभं राहून, तिला पुन्हा विचारा. येताना पायात बूट घालून या, रॅबिटमध्ये खिळे आहेत.

आपली,
एक निवृत्त तंत्रज्ञ
चेंबूर, मुंबई